उभं राहून द्यायचं मत

ऑक्टोबरचं ऊन खिडकीच्या गजांतून थेट ओट्यावर यायला लागलं, की मला धास्ती वाटायला लागते. लोकांना या दिवसांत दिवाळीची चाहूल लागते. खालच्या गिरणीतून चकलीच्या भाजणीचा वास वर येतो, समोरच्या इमारतीत कोणीतरी कंदिलाची वायर जोडता जोडता बायकोशी हुज्जत घालत असतं, आणि सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा माझ्या टेबलावर तसाच पडलेला असतो. मी ठाण्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे दिवाळीच्या आधी मला पोरांच्या नद्या कुठल्या कुठे वाहतात ते तपासावं लागतं. पण माझं अर्धं लक्ष असतं शुक्रवारी लागणाऱ्या सिनेमांकडे. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात एखादा लहानसा मराठी सिनेमा येतोय असं कळलं, की मी मनातल्या मनात कपाळावर हात मारते. अरे बाबांनो, आत्ता कशाला? कोण येणार आहे? सगळं गाव कल्याणच्या बाजारात पणत्या आणि पडद्याचं कापड शोधत फिरतंय. दिवसातून एक खेळ मिळणार, तोही भर दुपारी, आणि पुढच्या शुक्रवारी मोठा हिंदी सिनेमा आला की तोही जाणार.

काही वर्षांपूर्वी ओंकारचा सिनेमा अगदी असाच लागला होता. तेव्हापासून हा उकाडा मला नुसता उकाडा राहिलेला नाही.

आमचं सिनेमावेड्यांचं एक मंडळ आहे. मंडळ म्हणजे चारच डोकी. डोंबिवलीतली एक जुनी टॉकीज बंद पडण्याआधी, पहिल्या दिवशीच्या पहिल्या खेळाला तिच्या बुकिंगच्या खिडकीसमोर तीच तीच तोंडं दिसायची. त्यातली तीन तोंडं हळूहळू एकमेकांशी बोलायला लागली. एक मी. दुसरा मिलिंद, खोपटच्या डेपोतला कंडक्टर. दिवसभर लोकांना 'पुढे सरका' म्हणणारा हा माणूस सिनेमात आईचं काही आलं की मागच्या रांगेत हुंदके देतो. तिसरे साळवीकाका. प्राची आमच्यात नंतर आली. ती घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरात राहते, तिथल्याच एका कंपनीत काम करते, आणि उरलेलं आयुष्य सिग्नलला काढते.

मंडळाचे खरे कर्तेधर्ते साळवीकाकाच. एका कारखान्यात ते जन्मभर तपासनीस होते. तयार झालेला माल हातात घ्यायचा, फिरवून बघायचा आणि नापास करायचा, हे त्यांचं पगारी काम. निवृत्त झाले तेव्हा काम तेच राहिलं, माल तेवढा बदलला. नियमही त्यांचेच. प्रत्येकाने सिनेमा एकेकट्याने बघायचा. बघून झाला की फोनवर ग्रुपमध्ये 'पाहिला' एवढा एकच शब्द टाकायचा, पुढे चकार शब्द नाही. रविवारी सकाळी काकांच्या घरी जमायचं आणि प्रत्येकाने उभं राहून आपलं मत द्यायचं. बसून माणूस गप्पा मारतो, उभा राहिला की जबाबदारीनं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. आणि मत आपलं हवं. शेजारचा हसला म्हणून हसायचं नाही. थिएटरात मान वळवून लोकांची तोंडं बघणारा माणूस काकांच्या लेखी प्रेक्षकच नव्हे. "परीक्षेत दुसऱ्याचा पेपर बघण्यातला प्रकार आहे हा," असं ते माझ्याकडे बघून म्हणायचे, जणू मी माझ्या वर्गात त्याला उत्तेजन देते.

या तालमीत आमची एक चोरवाटही तयार झाली होती. सिनेमा अगदीच टाकाऊ असला आणि बनवणाऱ्याची दया आली, की म्हणायचं, "फोटोग्राफी छान आहे." मयताला गेल्यावर 'माणूस शांत होता हो' म्हणतात, तसं. एवढं म्हटलं की बाकीचे माना डोलवायचे आणि पुढच्या सिनेमाकडे वळायचे.

मला कधी कधी वाटतं, आम्ही सिनेमावर इतकं का भांडतो? नवऱ्याशी आपलं पटत नाही, हे बाई मैत्रिणीलाही पटकन सांगत नाही. पण पडद्यावरच्या बाईनं शेवटी घर सोडायलाच हवं होतं, हे ती तावातावानं सांगू शकते. मिलिंदच्या आईबद्दल मी त्याला कधी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. तरी त्या माउलीनं काय काय सोसलं असेल, ते त्याच्या रविवारच्या मतांवरून मला बरंचसं ठाऊक आहे. हल्ली फोनवर सिनेमाला तारे देतात. साडेतीन तारे, दोन तारे. माझ्या मुलांना मार्क द्यावेत तसे. साडेतीन ताऱ्यांवरून त्या माणसाच्या घरी काय चाललंय ते मात्र कळत नाही.

ओंकार हा साळवीकाकांचा एकुलता एक मुलगा. रविवारची ही मतं ऐकतच तो मोठा झाला. कोपऱ्यातल्या टेबलावर गणितं सोडवत असायचा, पण कान आमच्याकडे. पुढे इंजिनिअर झाला, घोडबंदर रोडला बऱ्या नोकरीला लागला, सगळं रीतसर झालं. आणि एक दिवस नोकरी सोडून आला. म्हणाला, सिनेमा करणार. काका पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला आणि म्हणाले, "बघणं वेगळं आणि करणं वेगळं. नापास माल बाजारात गेला ना, की नाव कारखान्याचं जातं." त्यानंतर बापलेकांचं बोलणं बंद झालं. एकाच घरात, एकाच टेबलावर जेवायचे, पण सगळा व्यवहार ओंकारच्या आईमार्फत, म्हणजे वृंदाकाकूंमार्फत. "त्याला सांग, गॅसवाला येणार आहे." "बाबांना सांग, मी आहे घरी." दोघं हाताच्या अंतरावर बसलेले असायचे आणि काकू मध्ये उभ्या राहून निरोप पोचवायच्या. आम्हाला आधी हसू यायचं. पुढे पुढे रविवारी त्या घराची बेल दाबायला नको वाटायला लागलं.

सिनेमा झाला. कसा झाला, किती खस्ता खाऊन झाला, ते ओंकारलाच ठाऊक. शेवटी लागला तो ऐन दिवाळीच्या तोंडावर, कल्याणला एक खेळ आणि ठाण्याच्या एका मॉलमध्ये एक. ओंकारनं आम्हाला फोन करून एवढंच सांगितलं, "रविवारी मी पण असणार. प्रत्येक सिनेमाला देता तसंच मत द्या. माझ्यासमोर. प्लीज, खरं." त्याच्या जुन्या कंपनीनं त्याला परत बोलावलं होतं आणि सोमवारी उत्तर द्यायचं होतं, हे मला काकूंकडून कळलं. "तो म्हणतो, बाबांचं मत ऐकेन आणि ठरवेन," काकू म्हणाल्या. "आता तूच सांग, यांनी कधी कुठल्या सिनेमाला बरं म्हटलंय?" मला एकही आठवेना.

शुक्रवारी शाळा अर्ध्या दिवसाची होती. मी तशीच कल्याणला उतरले. बाहेर रिक्षांची रांग, कंदिलांचे ढीग, फुटपाथवर रांगोळीच्या रंगांच्या पाट्या, आणि आत एसीच्या गारव्यात तुरळक माणसं विखुरलेली. दिवे मालवता मालवता मला साळवीकाका दिसले. नेहमी सगळ्यात मागे, बरोब्बर मधली खुर्ची घेणारा माणूस चक्क पहिल्या रांगेत, पार कडेच्या खुर्चीवर बसला होता. मला वाटलं, दुसरी जागा मिळाली नसेल. पण जागा तर ओसाड पडल्या होत्या.

सिनेमा सुरू झाला आणि मी खुर्चीत पुढे सरकले. पहिल्याच प्रसंगात एक म्हातारा जेवणाचा डबा धुतो, खिडकीशी नेऊन उजेडात धरतो, आतून बोट फिरवून बघतो, आणि पुन्हा धुवायला घेतो. मोरीपाशी उभ्या असलेल्या साळवीकाकांना आम्ही सगळ्यांनी हे करताना शंभर वेळा पाहिलं होतं. पोरानं बापालाच पडद्यावर घातलं होतं. तो म्हातारा आंबे नापास करतो, शेजाऱ्याचा जावई नापास करतो, बायकोच्या हातचा चहा नापास करतो. लोक हसत होते. दोनदा तर मोठ्यानं हसले. मला हसवेना. मी पडदा सोडून पुन्हा पुन्हा पहिल्या रांगेकडे बघत होते. काका तिरके, एका अंगावर रेलून बसले होते. त्यांना मानेचा त्रास आहे, म्हणून तसे बसले असतील असं मी स्वतःला समजावलं. दिवे लागले तेव्हा ते निघून गेले होते.

संध्याकाळी मी ग्रुपमध्ये 'पाहिला' टाकलं. मिलिंदनं टाकलं. काकांचा शब्द आला नाही. शनिवारी दुपारी प्राचीचा फोन आला, नियम मोडून. "ताई, मी आत्ता मॉलमध्ये आहे, इंटरव्हल झालाय. काका इथे आहेत. एकदम पुढे, कॉर्नरला. मी हात केला तर बघितलं पण नाही. ते काल कल्याणला होते ना?" होते, म्हटलं. मग दोनदा बघून माणूस 'पाहिला' का म्हणत नाही? प्राची म्हणाली, "ते चिडलेत. नक्की चिडलेत. स्वतःला असं बघून कोण नाही चिडणार?" संध्याकाळी काकूंचा फोन. "जेवले नाहीत गं. बाल्कनीत बसलेत. पोरगा आत बसलाय. उद्या जरा लवकर या सगळे. मला एकटीला भीती वाटतेय." भाजणीचा वास खालून येतच होता. मी पेपरांचा गठ्ठा ओढला आणि पहिल्याच पेपरातल्या गोदावरीला अरबी समुद्रात जाऊ दिलं.

रविवारी त्या हॉलमध्ये पंखा फुल होता तरी गदमदत होतं. काका त्यांच्या वेताच्या खुर्चीत. ओंकार दाराच्या चौकटीला टेकून उभा. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. मला तो एकदम दहावीतला दिसला, निकालाच्या दिवशीचा. काकूंनी पोहे आणून ठेवले. कोणी हात लावला नाही.

मिलिंद आधी उठला. "मी काल परत गेलेलो, कल्याणला, डेपोतली पोरं घेऊन," तो म्हणाला. "खोटं नाय बोलणार भाऊ. स्टार्टिंग तू लय खेचलंस. माझा ड्रायव्हर मला बोलला, गाडी कधी सुटणार? पण तो खाडीवरचा सीन, पोरगा पाण्यात उतरतो आणि बाप काठावरनं 'खोल आहे' एवढंच बोलतो ना, तिथे माझी वाट लागली. अख्खी डेपोची लाइन रडत होती." ओंकारनं मान हलवली. खांदे थोडे सैल झाले.

मग प्राची उठली. "मला आवडला," ती म्हणाली. "म्हणजे खरंच आवडला. आणि फोटोग्राफी… फोटोग्राफी खूप छान आहे."

ओंकारचा चेहरा उतरला तो मी पाहिला. त्या शब्दांचा आमच्याकडचा अर्थ त्याला लहानपणापासून पाठ होता. "अरे, नाही नाही!" प्राची घाईघाईनं म्हणाली, "तसं नाही, खरंच छान आहे! तो पहाटेचा उजेड, मिठागरावरचा…" आणि ती जितकं सांगायला लागली तितकं ते खोटं वाटायला लागलं. शेवटी बिचारी रडवेली होऊन खाली बसली. मला आमच्या सगळ्यांचाच राग आला. वर्षानुवर्षं टिंगल करता करता खऱ्या कौतुकाला आम्ही शब्दच शिल्लक ठेवला नव्हता.

माझी पाळी आली. मी मास्तरीणच, काठावरच्या मुलाला कुठून तरी दोन मार्क काढून द्यायची माझी सवय. पण इथे ओंकार समोर उभा होता आणि त्यानं खरं मागितलं होतं. मी म्हटलं, सुरुवात लांबली आहे, मिलिंद म्हणतो ते बरोबर. आईचं पात्र कच्चं आहे, ती नुसती चहा देते. पण तो म्हातारा मी विसरणार नाही. बोलता बोलता माझी नजर काकांकडे गेली. मी बसले.

आता काका. ते उठेनात. पंखा गरगरत होता. खालून कोणीतरी सोसायटीच्या गेटशी फटाक्यांची लड लावली, ती तडतडत संपली. मग त्यांनी खुर्चीच्या हातांवर भार टाकला आणि ते उभे राहिले.

"मी सिनेमा पाहिलेला नाही," ते म्हणाले.

ओंकारनं डोळे मिटून घेतले. प्राची न राहवून बोलली, "काका, मी काल तुम्हाला…"

"होतो. काल ठाण्याला होतो, परवा कल्याणला होतो. पाहिला नाही." ते थांबले. त्यांना शब्द शोधताना मी पहिल्यांदाच बघत होते. "पहिला सीन पाहिला. डब्याचा. मग मान वर होईना. काय करणार? उठून जावं तर वाटलं, एक खुर्ची आणखी रिकामी दिसेल. मग मी वळून बसलो."

"कुणीकडे?" मिलिंदनं विचारलं.

"लोकांकडे."

आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. काकांच्या तोंडून हे म्हणजे पुजाऱ्यानं देवाकडे पाठ करून बसल्याची कबुली द्यावी, तसं होतं. पण ते आता थांबणार नव्हते. ते थेट ओंकारशी बोलत होते, काकूंना मध्ये न घेता, आणि हे आमच्या लक्षात यायलाही वेळ लागला.

"कल्याणला एक बाई होती. बाजाराच्या पिशव्या घेऊन आलेली, गारव्याला आली असावी. हातात फोन. एकसारखी फोन बघत होती. तुझा तो खाडीचा सीन आला, तिनं फोन पर्समध्ये टाकला. शेवटपर्यंत बाहेर काढला नाही. एक गृहस्थ सुरुवातीलाच झोपले. ती त्यांची चूक नाही, तुझी आहे. सुरुवात कापायला हवी होती. ठाण्याला कोपऱ्यात कॉलेजची दोघं होती, ती आपापल्या कामाला आली होती." मिलिंद खुदकन हसला. "मध्यंतरानंतर तीसुद्धा पडद्याकडे बघायला लागली. शेवटी दिवे लागले तरी ती पोरगी उठेना. मुलगा चल चल म्हणत होता. ती म्हणाली, थांब ना जरा."

ओंकारनं डोळे उघडले होते. "आणि हसले तेव्हा?" त्यानं विचारलं. इतक्या वर्षांत बापाला सरळ विचारलेला तो पहिला प्रश्न. "बाबा, लोक तुम्हाला हसत होते. तुम्हाला राग नाही आला?"

"आला की. घरी आल्यावर आला. रात्री जेवलो नाही, विचार आईला." काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, उजेडात धरला. "पण तिथे बसलो होतो तेव्हा नाही आला. ते कोणाला हसतायत ते मला समजत होतं रे. मी त्यांच्या तोंडांकडेच बघत होतो. पहिला माणूस हसला, मग सगळी रांग हसली. माझ्या मनात आलं, हसू देत. पोराचा सीन लागला."

वृंदाकाकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. मिलिंदनं रुमाल काढला. मी पोह्यांच्या ताटलीकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे कुठे बघणं मला जमलं नसतं. एखाद्यावर इतकं प्रेम असावं की त्याचं काम आपल्याला बघवू नये, हे मला तोवर माहीत नव्हतं. मत बनवायला थोडं लांब उभं राहावं लागतं. आम्ही तिघं राहू शकलो. ज्यानं आम्हाला मत द्यायला शिकवलं, त्याला तेवढं लांब जाता आलं नाही.

ओंकार चौकटीपासून हलला. "उद्या मला ऑफिसला कळवायचंय," तो म्हणाला. "तुमच्या मतावर ठरवणार होतो. आणि तुम्ही म्हणता, पाहिलाच नाही."

"याच्यावर माझं मत तुला मिळायचं नाही. माझं मत मागायचं असेल तर पुढच्या सिनेमात मला घालू नकोस," काका म्हणाले. आवाज नेहमीच्या पट्टीत परत आला होता. "मग मी मागे मधल्या खुर्चीत बसेन, पहिल्यापासून शेवटपर्यंत बघेन, आणि इथे उभा राहून तुझी सालटी काढेन. भीडभाड ठेवणार नाही. कळलं?"

उत्तर आलं ते काकूंकडून. ओला हात पदराला पुसत त्या दोघांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या, जिथे त्या इतकी वर्षं उभ्या राहात आल्या होत्या. पण या वेळी त्यांनी कोणाचा निरोप कोणाला पोचवला नाही. त्यांनी नवऱ्याकडे तोंड केलं.

"काय म्हणालात? कुठल्या सिनेमात? परत म्हणा."

साळवीकाकांनी जन्मात एक वाक्य दोनदा उच्चारलं नव्हतं. कारखान्यात नाही, घरात नाही, आमच्यापुढे तर नाहीच. त्यांनी बायकोकडे बघितलं, मग मुलाकडे, आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "पुढच्या सिनेमात."